अंकी आणि अक्षरी

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख दोनदा लिहितात, अंकी आणि अक्षरी. अंक गिचमीड असला, कुणी त्याच्यावर गिरवलेलं असलं, तरी शेजारचे शब्द खरं काय ते सांगतात. नोकरी, निवृत्ती, पेन्शन, सगळं ज्या तारखेवर उभं राहायचं तिला साक्षीदार हवा, हे त्या छापील नमुन्याला कळलं होतं. जुनी रजिस्टरं एक्सेलमध्ये चढवताना आपण नेमका हाच साक्षीदार वगळतो, आणि मला ही हेळसांड गंभीर वाटते.

समजा, संगणकावर तारखेची पद्धत अमेरिकन राहून गेली आहे. पाच ऑगस्ट म्हणून 5/8/2012 टाइप केलं. एक्सेल ती आठ मे धरतं आणि पडद्यावर मात्र 5/8/2012 असंच दिसतं. मूल कागदोपत्री जवळजवळ तीन महिन्यांनी मोठं झालं! खालच्या ओळीत 25/8/2012 टाका. पंचविसावा महिना नसतो, म्हणून ती तारीखच ठरत नाही. साधा मजकूर होऊन सेलच्या डाव्या कडेला चिकटते. वय काढायचं सूत्र तिथे अडतं, म्हणून ती चूक सापडते तरी. उजव्या कडेला शिस्तीत उभ्या असलेल्या तारखांकडे कुणी पुन्हा बघत नाही.

फॉरमॅट बदलून हे निस्तरत नाही. एक्सेलच्या लेखी तारीख म्हणजे दिवसांचा आकडा: 1 जानेवारी 1900 हा 1, तर 15 मार्च 2023 हा 45000. फॉरमॅटने दिसणं बदलतं, आकडा तोच राहतो. (1900 च्या आधीचं या मोजणीत काहीच बसत नाही, जोतीराव फुल्यांची 11 एप्रिल 1827 ही जन्मतारीख तिथे नुसता मजकूर.) वर्ष दोनच अंकी लिहिलं तर शतकही एक्सेलच ठरवतं. अनेक संगणकांच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये 30 म्हणजे 1930, आणि 29 म्हणजे 2029. पेन्शनरांच्या यादीत हा फरक किती महागात पडेल!

म्हणून महिना अक्षरांत दिसेल असा फॉरमॅट रकान्याला आधीच लावावा. मग 5/8 टाकताक्षणी ‘मे’ उमटतो आणि हात थांबतो. शेजारी टेक्स्टचा एक रकाना ठेवून त्यात रजिस्टरातली अक्षरी तारीख जशीच्या तशी उतरवावी. काम वाढेल, हे खरं. पण दहावीच्या प्रमाणपत्रावर चुकीची तारीख छापून आली, तर शपथपत्रं घेऊन खेटे घालायची वेळ त्या मुलाच्या आईबापांवर येते, तारीख टाइप करणाऱ्यावर नाही.