मौन वाणीच्या यादीत नाही!

आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक १५ आणि १६.

या दोन श्लोकांत एक गंमत आहे. १५ व्या श्लोकात भगवंत वाणीचं तप सांगतात. बोलणं कुणाला उद्विग्न न करणारं, खरं, प्रिय आणि हिताचं हवं, शिवाय स्वाध्याय. या यादीत मौन नाही! ते येतं पुढच्या श्लोकात, मनाच्या तपात. तिथे प्रसन्नता, सौम्यपणा, मौन, आत्मसंयम आणि शेवटी भावसंशुद्धी, म्हणजे आतला हेतू स्वच्छ असणं.

म्हणजे तोंड बंद ठेवलं की मौन झालं, असं नाही. मीटिंगमध्ये आपण गप्प बसतो, पण आत धुसफूस, भीती, अप्रेजलचा हिशेब चालूच. नंतर चहाच्या टपरीवर तेच सगळं दुप्पट आवाजात. त्यापेक्षा रागात लिहिलेला ईमेल रात्रभर ड्राफ्टमध्ये ठेवणं मला मौनाच्या जास्त जवळचं वाटतं.

माझी एक मैत्रीण हिंजवडीत टेस्टिंगमध्ये आहे. रिलीजच्या आदल्या दिवशी पेमेंटच्या भागाचं टेस्टिंग अर्धवट होतं, आणि रिपोर्टमध्ये 'पूर्ण' लिही असं तिला सांगितलं गेलं. ती म्हणाली, "अगं, सत्यही बोलायचं आणि प्रियही, जमणार कसं? मॅनेजरला काय प्रिय आहे ते मला माहितीये." घराचा हप्ता तिच्या पगारावर चालतो. 'घाबरू नकोस' म्हणणं मला सोपं होतं, तिला नाही.

पण 'प्रिय' म्हणजे समोरच्याला हवं ते, असं मला वाटत नाही. श्लोकात प्रिय आणि हित एकाच समासात जोडून आलेत. हित बघायचं काय सांगतो त्यात, प्रिय बघायचं कसं सांगतो त्यात. (आणि 'मी बाबा ऑथेंटिक, तोंडावर बोलतो' म्हणत ज्युनिअरला सगळ्यांसमोर झापणाऱ्यांनी 'अनुद्वेगकर' हा शब्द डेस्कवर चिकटवावा.) तिने मॅनेजरला बाजूला गाठलं. कोणत्या टेस्ट राहिल्यात, कुणाचे पैसे दोनदा कापले गेले तर काय होईल, किती वेळ लागेल, सगळं शांतपणे सांगितलं. आणि रिपोर्टमध्ये 'बाकी' असंच लिहिलं. मॅनेजर चिडला. रिलीज ठरल्या वेळीच झालं.

मग बोलून मिळालं काय?

मला सभापर्वातला विकर्ण आठवतो. द्रौपदीच्या प्रश्नावर भीष्मांनी धर्म सूक्ष्म आहे म्हणत उत्तर टाळलं. तेव्हा दुर्योधनाचाच हा धाकटा भाऊ उठला आणि द्रौपदी जिंकली गेलेलीच नाही, असं म्हणाला. कर्णाने त्याला पोरकट ठरवलं. त्याच्या बोलण्याने काहीच थांबलं नाही. पुढे तो लढला दुर्योधनाच्याच बाजूने, आणि त्याला मारल्यावर भीमालाच हळहळ वाटली. म्हणजे धड बंडखोर नाही, धड लाचार नाही. आपल्यातले बरेच जण असेच आहोत ना? टीम सोडता येत नाही, पण त्या एका वाक्याला 'हो' म्हणणंही जमत नाही. भीष्मांचा अधिकार कितीतरी मोठा, पण त्या सभेतलं त्यांचं गप्प बसणं मला आजही टोचतं.

मैत्रिणीचं रेटिंग पुढच्या महिन्यात आहे. उद्या श्लोक १७ वाचू : हीच तपं फळाची इच्छा न धरता केली तर सात्त्विक, असं भगवंत तिथे म्हणतात.