माल धन्याला परत

प्रायश्चित्त पैसे मोजून होतं का? धर्मशास्त्राने या प्रश्नाचा खल केव्हाच केलेला आहे. आता तो माझ्या कामाच्या फायलींमध्ये येऊन बसला आहे. मी ऊर्जा लेखापरीक्षक आहे आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपना तालुक्यात, गडचांदूरच्या आसपासच्या सिमेंट कारखान्यांत माझं सतत जाणं-येणं असतं. जून २०२३ मध्ये केंद्र सरकारने कार्बन क्रेडिटच्या व्यापाराची योजना अधिसूचित केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये सिमेंट, ॲल्युमिनियम, कागद आणि क्लोर-अल्कली या चार क्षेत्रांतल्या कारखान्यांना नेमून दिलं की टनभर मालामागे इतकाच हरितगृह वायू सोडायचा. त्याहून कमी सोडला तर क्रेडिट मिळतं, जास्त सोडला तर दुसऱ्याचं विकत घ्यायचं. तेही घेतलं नाही तर बाजारातल्या सरासरी भावाच्या दुप्पट भरपाई भरायची.

माझे वडील वाईला भिक्षुकी करत. प्रायश्चित्ताच्या संकल्पात गोदान येई, पण यजमानाच्या दारात गाय कुठली असायला? मग विड्याच्या पानावर सुपारी ठेवायची, तिच्याशेजारी नाणं, आणि वर पळीभर पाणी सोडायचं. हे गोनिष्क्रय, गाईचं मोल. ही पळवाट आहे असं मी मानत नाही. म्हातारा, आजारी, लहान मूल यांना पूर्ण कृच्छ्र, म्हणजे उपासाचं कडक व्रत, झेपणार नाही हे शास्त्रकारांना कळत होतं, म्हणून त्यांनी उपासाऐवजी गाय आणि गाईऐवजी द्रव्य अशी पायरी पायरीने सवलत दिली. पण त्या सवलतीच्या आधी पश्चात्ताप आणि ते कृत्य थांबवणं गृहीत धरलेलं होतं. चोरीच्या बाबतीत तर आणखी एक अट होती. प्रायश्चित्त करायचंच, पण चोरलेला माल धन्याला परत करून.

सिमेंटमधलं पातक समजून घ्यायला भट्टीच्या तोंडाशी उभं राहावं लागतं. डोळ्यांपुढे निळी काच धरली की आतली ज्योत दिसते आणि तिच्यापाशी काळपट गोळे गडगडत येताना दिसतात. ते क्लिंकर, ते दळूनच सिमेंट होतं. आतलं तापमान साधारण १४५० अंश असतं. पण कोळसा जळून निघणारा वायू हा निम्म्याहूनही कमी भाग. उरलेला दगडातूनच निघतो. शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड वर जातो. उद्या सगळी भट्टी सूर्याच्या उष्णतेवर चालवली तरी हे ४४ किलो जाणारच.

या वायूला रंग नाही, वास नाही. गावातल्या बाया मला धुळीबद्दल सांगतात. वाळत घातलेल्या कपड्यांवर ती कशी बसते, पापडांवर कशी बसते, हे हाताला धरून नेऊन दाखवतात. कार्बन डायऑक्साइडबद्दल आजवर कोणी एक शब्द काढलेला नाही, आणि काढणार तरी कसा? ज्याची वार्ताच मनापर्यंत पोचत नाही त्याची टोचणी मनाला लागत नाही. म्हणूनच हे काम सदसद्विवेकावर सोडून चालत नाही, त्याला मोजमाप आणि कायदा लागतो.

माझ्या दृष्टीने खरी अडचण याहून खोल आहे. आपल्या दार्शनिकांनी कर्मसिद्धांताची बाजू मांडताना दोन दोष टाळले. केलेलं कर्म फळ न देता नाहीसं होता कामा नये, आणि न केलेल्या कर्माचं फळ कोणाच्या माथी येता कामा नये. कृतनाश आणि अकृताभ्यागम ही त्या दोषांची नावं. हवेत गेलेला कार्बन हे दोन्ही दोष एकदम घडवतो. आज सोडलेल्या वायूचा मोठा हिस्सा शतकानुशतकं वर राहतो. करणारा सुटतो आणि भोगणारा अजून जन्मालाही आलेला नसतो. पुढच्या जन्मी हिशेब होईल म्हणावं, तर तोवर तिसऱ्याच माणसाचं शेत करपलेलं असतं. कर्म आणि फळ यांची तुटलेली गाठ पुन्हा बांधणं हे मला शासनाचं धर्मकार्य वाटतं. उत्सर्जनाचे नियम हे त्यासाठीचं आपल्या हातातलं साधन आहे.

ते साधन किती धारदार आहे? २०१२ पासून ऊर्जा बचतीची अशीच एक योजना, ‘पॅट’, चालली. पहिल्या फेरीत ८ क्षेत्रांतले ४७८ उद्योग होते. बचतीचं लक्ष्य सुमारे ६७ लाख टन तेलाइतकं होतं, प्रत्यक्षात सुमारे ८७ लाख टन साधलं. मी त्या यशाला कमी लेखत नाही, त्यात माझ्या सहकाऱ्यांचे कष्ट आहेत. पण जादा बचतीबद्दल मिळणारी, विकता येणारी प्रमाणपत्रं गरजेपेक्षा जास्त झाली, त्यांचा भाव पडला, आणि विकत घेऊन मोकळं होणं स्वस्त पडलं. प्रायश्चित्त हलकं असलं की ते खर्चाच्या रकान्यात जातं.

नव्या योजनेतही मर्यादा टनामागे आहे, एकूण नाही. उत्पादन वाढलं तर प्रत्येक कारखाना नियमात राहूनही चिमण्यांतून जास्त वायू जाईल. यावर मला सांगतात की भारतीय माणसामागे वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड निघतो आणि अमेरिकन माणसामागे चौदाच्या आसपास, मग आपणच का थांबायचं? ज्याला अजून पक्कं घर नाही त्याच्या सिमेंटवर कात्री चालवू नये, हे मला मनापासून मान्य आहे. पण त्याच सिमेंटमध्ये क्लिंकर कमी घालता येतो. त्याच्या जागी काही प्रमाणात राख चालते, आणि चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची राख जवळच पडलेली आहे. जे करता येण्यासारखं आहे ते न करता क्रेडिट घेणारा कारखाना म्हातारा नाही आणि आजारीही नाही. अशक्तांची सवलत त्याला कशासाठी?

आणि धन्याचा माल? क्रेडिटचा पैसा एका कारखान्याकडून दुसऱ्या कारखान्याकडे जातो. ज्याने उत्सर्जन कमी केलं त्याला मोबदला मिळतो, हे योग्यच. पण ज्याचं नुकसान झालं त्याचं नाव या व्यवहारात कुठेच नाही. हवा, पाणी, जंगल यांचं शासन हे विश्वस्त आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने कमलनाथ खटल्यात सांगितलं. २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क राज्यघटनेच्या १४ आणि २१ या कलमांत आहे असं म्हटलं. म्हणजे धनी कोण ते ठरलेलं आहे. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा बांधकामावर घमेली वाहणाऱ्या बाईचा दुपारचा रोज बुडतो. प्रत्येक क्रेडिटच्या किमतीतला ठरावीक वाटा तिच्या बुडालेल्या रोजासाठी बाजूला काढावा, आणि तो तिच्या खात्यात गेल्याशिवाय कारखान्याची पूर्तता झाली असं लिहू नये, ही मागणी मी माझ्या प्रत्येक अहवालाच्या शिफारशींत यापुढे घालणार आहे.