हातचे राखून

आपल्याला जे येते ते कामावरच्या धाकट्या सहकाऱ्याला सगळेच्या सगळे शिकवावे काय? तोंडाने आपण ‘अवश्य’ म्हणतो. पण मन हळूच सांगते, थोडे हातचे राखून ठेवलेले बरे. मीही अनेक वर्षे तेच केले. कचेरीत हिशेबाचा ताळा माझ्याइतका झटकन कोणाला जमत नसे, आणि तो जमू नये याची काळजी मीच घेत असे.

पुढे एका नव्या मुलाला तो शिकवणे भाग पडले. ‘ही रक्कम इथे वजा का करायची?’ त्याने साधेपणाने विचारले. मला उत्तर देता येईना. वीस वर्षे मी ती नुसती वजा करीत आलो होतो! त्या रात्री जुन्या वह्या काढून बसलो, तेव्हा कुठे माझेच काम मला समजले.

हे सारे आठवले ते गेल्या आषाढात, मुळशी तालुक्यातल्या मुठा गावी. खाचरे तुडुंब भरली होती, भाताची लावणी चालली होती. एक वयस्क बाई नव्या सुनेला शिकवीत होत्या, ‘पोरी, लई खोल खोवू नगंस.’ मी बांधावरून विचारले, ‘मावशी, शिकवण्यात वेळ जात नाही का तुमचा?’

‘जातो की! पर हिचा हात बसला म्हंजी माझी कंबर सुटंल.’

मावशींनी रोकडा नफा सांगितला. याहून मोठाही नफा असतो. या गावावरून जाणारी मुठा नदी पुढे पुण्याला पोचते. तिथे १८८७ च्या सुमारास विशीतले गोपाळराव गोखले न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे काम शिकू लागले. सरकारी अहवाल आणि आकडे बारकाईने तपासण्याची शिस्त त्यांना तिथे लागली. रानडे सरकारी नोकर. उघड राजकारणात बोलण्याला त्यांना मर्यादा होत्या. पण १८९७ साली गोखल्यांनी लंडनला वेल्बी आयोगापुढे साक्ष दिली, तेव्हा त्यामागे रानड्यांचा आणि गणेश व्यंकटेश जोशींचा अभ्यास उभा होता. गुरूला जिथे जाता आले नाही, तिथे शिष्य पोचला. १९०१ मध्ये रानडे गेले. १९०५ मध्ये गोखल्यांनी भारत सेवक समाज काढला आणि नव्या सभासदाने पहिली पाच वर्षे शिकण्यात घालवावीत, असा नियमच केला.

शिकवण्यात धोका नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. तो हिशेबाचा मुलगा पुढे माझा वरिष्ठ झाला. खोटे कशाला सांगू, पहिले काही महिने मला ते जड गेले. मग ध्यानात आले की अडले की तो अजूनही मलाच विचारतो, आणि त्याच्या हाताखालच्यांना तो काही राखून न ठेवता शिकवतो.

लावणी करणारा मागे मागे सरकत जातो. त्याच्या पाठीमागची जागा कमी होत जाते खरी. पण डोळ्यांपुढचे हिरवे वाढत असते.