जावयाचे मासे

तात्यांच्या तीन फुटी टँकला आमच्या बिल्डिंगमध्ये देवघराइतका मान. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी दुसरं काही केलंच नाही. टँकमध्ये चौदा मासे होते आणि त्यांत नऊ वर्षांची एक काळी एंजल. ती तात्यांच्या बोटांतून दाणा घ्यायची आणि माई जवळ आल्या की पाठ फिरवायची. माई ते मनावर घ्यायच्या.

पाडव्याला जावई आले ते फुगलेली पिशवी हातात धरून. आत कोई एंजलची देखणी जोडी. दुकानदारानं ऑक्सिजन भरून दिलेला. दिव्यांच्या उजेडात मासे असे काही चमकत होते, की आम्ही शेजारीपाजारीही आत शिरलो.

तात्यांनी सवयीनं गॅलरीतली रिकामी बादली उचलली. नवा मासा तीन-चार आठवडे वेगळा ठेवायचा, हा धडा बिल्डिंगमधल्या निम्म्या पोरांना त्यांनीच दिलेला. पण माईंनी डोळे मोठे केले. हळू आवाजात म्हणाल्या, "जावयानं हौसेनं आणलेले मासे बादलीत? धुणं भिजत घातल्यासारखे?"

तात्यांनी बादली खाली ठेवली.

पंधरा मिनिटं पिशवी टँकच्या पाण्यावर तरंगत ठेवली, म्हणजे दोन्ही पाण्यांचं तापमान सारखं होतं. मग पिशवी उघडून सगळंच आत ओतलं, दुकानातल्या पाण्यासकट. मासा जाळीनं उचलावा, पिशवीतलं पाणी मोरीत टाकावं, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण घर टाळ्या वाजवायला उभं होतं.

पाचव्या दिवशी एक मासा दगडाला अंग घासताना दिसला. सातव्या दिवशी काळ्या एंजलच्या पंखांवर पांढरे ठिपके, बारीक मीठ शिंपडावं तसे. कोई जोडी मात्र अजून ठणठणीत! इच म्हणतात तो हाच रोग. औषध मीच आणून दिलं. दोन दिवसांत ठिपके गेले, तात्यांनी पेढे वाटले आणि औषध थांबवलं.

खरी फसगत इथेच झाली. ठिपका गेला म्हणजे रोग गेला असं नसतं. कातडीखाली पोसलेला तो परजीवी मासा सोडून तळाला जातो, स्वतःभोवती कोष करतो आणि त्यातून शेकडो पिल्लं बाहेर पडतात. औषध लागू पडतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना. कातडीखालच्याला नाही आणि कोषातल्यालाही नाही. 25 अंशांच्या आसपासच्या पाण्यात हा सगळा फेरा आठवडाभरात पुरा होतो. म्हणून शेवटचा ठिपका गेल्यावरही औषध चालू ठेवायचं असतं. पेढे खाताना हे कुणाला आठवलं नाही. मलाही.

त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत टँकमध्ये सोळांपैकी चार मासे उरले. त्यांतले दोन जावयांचे. त्यांनी बहुधा दुकानात किंवा त्याआधीच हा रोग पचवला होता. आपण तगले, बरोबरच्यांना देऊन मोकळे झाले. काळी एंजल तात्यांनी कुंडीतल्या तुळशीखाली पुरली. फोनवर लेकीला म्हणाले, "मासे मजेत आहेत." ते खोटंही नव्हतं.

पुढच्या दिवाळीला जावई पाच कोरी घेऊन आले. तळाशी हुंगत फिरणारे गमतीदार मासे. तात्या उठले, गॅलरीत गेले आणि वीस लिटरची बादली समोर आणून ठेवली. आत एअर पंपावर चालणारा छोटा स्पंज. महिनाभर मोठ्या टँकमध्ये ठेवून मुरवलेला, म्हणजे माशांची घाण पचवणारे जिवाणू त्यात आधीच बसलेले. बादलीची जाळी वेगळी, पाणी काढायची नळीही वेगळी.

जावयांचा चेहरा उतरला. तात्या म्हणाले, "जावईबापू, माशांवर माझा संशय नाही. पण पिलं वाढली कुठे, दुकानात आली कुठून, तिथं एकच जाळी किती टाक्यांत बुडाली, हे त्यांना तरी कुठं सांगता येतं?"

रात्री लेकीचा फोन आला. "बाबा, यांना वाईट वाटलंय." फोन माईंनी घेतला. "तुझी लेक झाली तेव्हा सव्वा महिना कुणाला खोलीत येऊ दिलं नव्हतं मी. तुझ्या आत्यालासुद्धा दारातून परत पाठवलं. तेव्हा नाही वाटलं ते तुला वाईट?"

पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता.

तात्या रोज आधी मोठ्या टँकचं करत, मग बादलीचं, आणि हात धुऊन कोरडे करूनच परत फिरत. दाणा खातात का, श्वास जोरात चाललाय का, पंख मिटून बसलेत का, एवढंच पाहायचं. पाहण्यासारखं काहीच घडत नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात मी म्हटलं, आता सोडा की. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला पेढे आठवले.

अठ्ठाविसाव्या दिवशी कोरी टँकमध्ये गेले. जावयांना फोन स्पीकरवर लावला होता.

"काही निघालं का, बाबा?"

"काही नाही."

"म्हणजे उगाचच ठेवले की."

"हो, उगाचच," तात्या म्हणाले, आणि बादलीची जाळी गॅलरीत उन्हात वाळत घातली.