एकच पाटली

बडोद्याच्या गोरव्यात, बीआयडीसी औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांपासून हाकेच्या अंतरावर, एक आजी खानावळ चालवायची. माहेर अहमदनगरचं. १८३१ साली तिथे अमेरिकन मराठी मिशन आलं आणि पुढे जी ख्रिस्ती वस्ती वाढली, तिच्यातलं. नवऱ्याच्या नोकरीपायी ती गोरव्यात आली आणि तो गेल्यावर चुलीच्या आधारावर राहिली.

उधारीसाठी तिच्याकडे लाल पुठ्ठ्याची लांबट वही होती. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पान, एका जेवणाला एक उभी रेघ, महिनाअखेरी बेरीज.

खानदेशातून आलेला एक पोरगा लेथवर काम करायचा. कारखाना बंद पडला, पगार थांबला. आजीने ताट थांबवलं नाही. रेघांनी पान भरलं, मागची बाजूही भरली. ७,२०० रुपये झाले. मग एका रात्री तो न सांगता निघून गेला.

वर्षभराने त्याला गोरव्यातच पुन्हा काम मिळालं. खानावळ टाळून तो लांबच्या रस्त्याने जायचा. एकदा आजीनेच त्याला भाजी घेताना गाठलं आणि म्हणाली, “जेवायला का येत नाहीस?”

संध्याकाळी तो आला, पण ताटावर बसेना. “मावशी, दर महिन्याला पाचशे देतो. व्याजही लावा.”

आजीने वही उघडून दाखवली. त्याचं पान फाडलेलं होतं. “कशाचे हप्ते घेऊ? इथे काही लिहिलेलंच नाही. बस, भाकरी गार होतेय.”

शेजारी एक जुना फिटर जेवत होता. त्याला हे सहन झालं नाही. “मावशी, आम्ही दर महिन्याला रोख मोजतो, ते काय वेडे म्हणून?”

“तुला कधी उपाशी उठवलंय का?” आजीने विचारलं. “मग त्याच्या ताटाकडे का बघतोस?”

पोरगा जेवला. सुटलो एकदाचा, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. हात धुताना फिटर त्याच्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, “सुटलास, बरं झालं. पण म्हातारीच्या हाताकडे बघ. दोन पाटल्या होत्या. तू गेलास त्या महिन्यात वाण्याचं बिल तुंबलं, तेव्हा एक विकली.”

पोरगा नळ बंद करायचा विसरला.

मत्तयाच्या शुभवर्तमानात, अठराव्या अध्यायात, येशूने एका देणेकरी नोकराची गोष्ट सांगितली आहे. त्याच्यावर राजाचं दहा हजार तलांत देणं होतं. एक तलांत म्हणजे साधारण सहा हजार दिवसांची मजुरी, म्हणजे एकूण देणं सहा कोटी दिवसांच्या मजुरीएवढं! तरी तो म्हणतो, थोडा दम धरा, सगळं फेडतो. आपण देवापुढे असंच बोलतो: एवढे उपास करतो, एवढं दान देतो, हिशेब मिटवून टाकतो. राजाने मुदत दिली नाही, कर्जच सोडलं. पण सोडलेली रक्कम हवेत विरत नाही, ती राजाच्या खजिन्यातून जाते. कृपा घेणाऱ्याला फुकट मिळते. तिची किंमत देणारा मोजतो. ख्रिस्ती माणूस वधस्तंभाकडे बघतो तेव्हा त्याला हीच मोजलेली किंमत दिसते. ती दिसली नाही, तर माफी ही नुसती सुटका वाटते आणि माणूस होता तसाच राहतो.

येशूच्या गोष्टीतला नोकर तसाच राहिला. बाहेर पडताच शंभर दिवसांच्या मजुरीसाठी त्याने सोबत्याचा गळा धरला.

लेथवरच्या पोराचंही एक येणं होतं. हाताखालच्या हेल्परने आईच्या औषधाला सहाशे रुपये घेतले होते आणि त्याला बघितलं की तो मशीनमागे सरकायचा. पगाराच्या दिवशी पोरगा त्याच्याकडे गेला. हेल्पर खिशात हात घालून काहीबाही सांगू लागला. “राहू दे,” पोरगा म्हणाला. “ते पैसे गेले. चल, जेवायला जाऊ.”

वाचकहो, तुमचंही कुणाकडे तरी काही अडकलेलं असेल. पैसे असतील, नाहीतर झालेल्या अपमानाची भरपाई असेल. ज्याला ते फेडणं जमणारच नाही, असा एक माणूस आठवा. तो तुम्हाला टाळत असेल, तेव्हा तुम्हीच त्याच्याकडे जा आणि सांगा, “राहू दे. ते गेलं.”