सवय आणि आरसा

मनुष्य आपल्या सवयींचा धनी कीं दास, हा प्रश्न आम्हांस ग्रंथांनीं नव्हे, सतारीनें घातला. पन्नाशी उलटल्यावर नाशकास घरीं आम्ही ती हातीं घेतली. तर्जनीवरील नखीनें 'दा' आंत, 'रा' बाहेर, काम एवढेंच. पण लय वाढली कीं बोल अडखळत. दोष बोटांचा समजून आम्ही वर्षभर बोटांनाच राबविलें. एके दिवशीं समोर आरसा ठेवला, तेव्हां दिसलें कीं, द्रुत लयीपूर्वींच उजवा खांदा वर चढतो व दांत आवळले जातात.

एफ. एम. अलेक्झांडर या ऑस्ट्रेलियन नटाचा आवाज रंगमंचावर बसे. बोलतांना आपण डोकें मागें ओढतों, हें त्याला आरशांतच कळलें. तें सांवरलें असें वाटे, तेव्हांही आरसा उलटेंच सांगे. १९३२ सालच्या ग्रंथांत त्यानें ही हकीकत दिली आहे. सवय मुरली कीं चूकही सरळ भासते. म्हणून निश्चयाआधीं थांबणें व पाहणें अवश्य. न पाहतां केलेला रियाज हा दोषाचाच रियाज होय.

आतां खांदा सैल आहे. परंतु दुसरीच शंका छळते: वर्गांत विद्यार्थ्यावर रागावतांना हेच दांत आवळले जात नसतील काय? तेथें आरसा नाहीं; समोर मुलाचा उतरलेला चेहरा मात्र असतो. तो आम्ही आजवर कधीं पाहिला?