परक्याचे हसू

धाराशिव जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, कर्नाटकाच्या सीमेलगत, मुरुम हे गाव आहे. नोकरीच्या निमित्ताने आम्ही तेथे काही वर्षे काढली. तेथे जडलेल्या एका स्नेहातून आमच्यापुढे एक पेच उभा राहिला. त्याची हकिगत वाचकांपुढे ठेवावयाची आहे.

हे आमचे स्नेही एका पतसंस्थेत हिशेबनीस आहेत. दिवसभर आकड्यांत मान घालून बसणारे हे गृहस्थ वर्षातून दोन-तीनदा खांद्याला कॅमेरा लटकावून हैद्राबादची गाडी धरतात आणि तिकडच्या करमणुकीच्या उद्यानांतून दिवसभर हिंडून छायाचित्रे काढतात. बरोबर बायकामुले नसतात. पाळण्यात ते स्वतः कधी बसत नाहीत. गावात यावरून थट्टा होते. एकट्या पुरुषाने पैसे मोजून तेथे जावे आणि दुसऱ्यांच्या बायकापोरांकडे कॅमेरा रोखावा, हे काहींना चमत्कारिक वाटते. खरे सांगावयाचे तर प्रथम आम्हांलाही ते तसेच वाटले होते.

हौशी छायाचित्रकाराला त्या भागात विषयांची वाण नाही. नळदुर्गचा किल्ला जवळ आहे. बोरी नदीवरील बंधाऱ्यातला पाणीमहाल आणि पावसाळ्यात भरून वाहणारे नर-मादी धबधबे टिपण्यासाठी लांबलांबून लोक येतात. आम्ही एकदा त्यांना म्हणालो, “अहो, एवढा किल्ला दाराशी असताना हैद्राबादला कशाला जाता?” ते म्हणाले, “सर, किल्ल्यावर माणसं किल्ला बघतात. तिथं कुणी हसत नाही.”

सोलापूर-हैद्राबाद महामार्ग मुरुमपासून थोड्याच अंतरावरून जातो. तोच रस्ता हैद्राबाद ओलांडून विजयवाड्याच्या दिशेने निघाला की वाटेत रामोजी फिल्मसिटी लागते. १९९६ साली सुरू झालेली ही चित्रनगरी पाहावयास आपल्याकडच्या सहलीही जातात, तेव्हा वाचकांपैकी पुष्कळांनी ती पाहिलेली असेल. तेथे विमानतळ आहे, पण विमान उडत नाही. रेल्वे स्थानक आहे, पण गाडी कोठेच जात नाही. तुरुंग आहे, त्यात कैदी नाही. एकच इमारत एका अंगाने एक भासते आणि दुसऱ्या अंगाने निराळीच. आमच्या स्नेह्यांनी तेथे काढलेल्या शेकडो छायाचित्रांत यातले जवळजवळ काही दिसत नाही. दिसतात ती माणसे. उन्हात टोपी सावरणारे आजोबा, बर्फाचा गोळा अंगावर सांडलेला मुलगा, एकमेकींचा हात घट्ट धरून किंचाळणाऱ्या दोन जावा. भिंती खोट्या असलेल्या त्या जागी खरी वस्तू एकच, ती म्हणजे पाहावयास आलेल्या माणसाचा चेहरा. आणि हा मनुष्य नेमकी तीच टिपतो, हे आम्हांला फार उशिरा उमगले.

तसे पाहिले तर करमणुकीची उद्याने आणि कॅमेरा यांचे साटेलोटे जुने आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९५५ साली डिस्नेलँड उघडले. डिस्नेच्या उद्यानांत कोडॅक कंपनीच्या पाट्या पुढे अनेक वर्षे होत्या. कोठे उभे राहून छायाचित्र काढावे हे त्या पाट्या सांगत. कोट्यवधी लोकांनी एकाच जागी उभे राहून एकच छायाचित्र काढले आणि ते आपापल्या घरी आपले म्हणून लावले! कोडॅकने २०१२ साली दिवाळखोरीचा अर्ज केला, पण ती पाटी काही मेली नाही. आता आपल्या गावोगावच्या चौकांत ती ‘सेल्फी पॉइंट’ म्हणून उभी आहे.

मुंबई-वसईकडील वाचकांना गोराईचे एस्सेल वर्ल्ड आठवेल. १९८९ साली ते उघडले, आणि नव्वदच्या दशकात खाडी ओलांडून तेथे गेले नाही असे कुटुंब त्या बाजूला क्वचितच असेल. आज ते बंद आहे. दिल्लीचे अप्पूघर १९८४ साली उघडले आणि २००८ साली बंद झाले. पाळणे उतरवले जातात, आल्बम राहतात. बहुतेक आल्बमांत वडील नसतात, कारण कॅमेरा त्यांच्या हाती असे. पण पाठीमागे कोणीतरी परका हमखास असतो. रांगेतला, पाण्याची बाटली तोंडाला लावलेला, आपण कोणाच्या घरातल्या आल्बमात कायमचे जाऊन बसलो आहोत याची कल्पना नसलेला. त्याची परवानगी आपण विचारली नव्हती. तो चुकून आला, एवढेच आपले समर्थन. आमचे स्नेही मात्र त्या परक्यासाठीच कॅमेरा उचलतात, आणि तेथेच प्रश्नाला आरंभ होतो.

दोन-तीन वर्षांपूर्वी एके संध्याकाळी ते आमच्याकडे एक मोठी प्रत घेऊन आले. उद्यान हैद्राबादेजवळचे, त्याचे नाव मुद्दामच देत नाही. हेलकावे खाणारी ती मोठी नाव वर जाऊन क्षणभर थांबते, तो क्षण. नावेच्या टोकाला पन्नाशीची एक बाई. लुगड्याचा पदर खांद्यावरून उडालेला, अंबाडा सुटलेला, कपाळ मोकळे, पुढचा एक दात पडलेला. आणि तोंड असे उघडे की जणू जन्मभराचे हसू एकदम बाहेर पडत आहे. बचत गटाच्या बायकांबरोबर ती आली होती. रांगेत तेलुगू बोलण्यात मध्येच आपल्याकडची मराठी कानी आली म्हणून यांनी वळून पाहिले, आणि पुढे कॅमेरा तिच्यावरच राहिला. त्यांच्या बसवरील नावावरून त्या उमरगा तालुक्यातल्याच हे त्यांना कळले होते.

असे छायाचित्र वीस वर्षांत एकदा साधते. पुण्यातल्या एका स्पर्धेत ते पाठवावे, आणि गावातल्या सभागृहात आपली निवडक चित्रे मांडावयाची त्यांत ते मधोमध लावावे, असा त्यांचा बेत होता. “पाठवू का, सर?” त्यांनी विचारले. आम्ही क्षणाचाही विचार न करता म्हणालो, “अवश्य पाठवा.” चहा घेऊन आलेल्या आमच्या सौभाग्यवतींनी ते चित्र पुष्कळ वेळ पाहिले आणि एवढेच विचारले, “तिला विचारलंय का?”

त्या रात्री जो वाद झाला त्यातली त्यांची बाजू आम्ही प्रामाणिकपणे मांडणे आवश्यक आहे, कारण ती लंगडी नव्हती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा भूकंप झाला. ती गावे मुरुमपासून फार दूर नाहीत. हजारो माणसे गाढ झोपेत दगडमातीखाली गेली. त्यानंतर देशभरातून कॅमेरे त्या भागात आले, आणि ढिगाऱ्यापुढे बसून आक्रोश करणाऱ्या आमच्या आयाबहिणी साऱ्या जगाने पाहिल्या. कोणी त्यांची परवानगी विचारली होती काय? आमचे स्नेही तेव्हा शाळकरी होते. वर्तमानपत्रांतली ती चित्रे त्यांच्या डोळ्यांपुढून अजून हललेली नाहीत. ते म्हणाले, “सर, आमच्या भागातली बाई फोटोत नेहमी रडतानाच का दिसावी? रडताना चालते, मग हसताना का चालत नाही?”

आम्हांला उत्तर सुचेना. त्या चित्रांमुळे मदत आली, हे खरे. दुःखाच्या चित्राला उपयोग असतो आणि त्या उपयोगाच्या नावाखाली आपण परवानगीची गोष्ट विसरून जातो. हसण्याला उपयोग काही नाही, म्हणून तेथे आपण नीतीचे प्रश्न काढतो. हा दुटप्पीपणा त्यांनी अचूक पकडला होता. तथापि एका जागी झालेली चूक दुसऱ्या जागी करण्याचा परवाना होत नाही, असे आम्ही म्हणालो. ते बोलले नाहीत. आमचे म्हणणे त्यांना पटले नव्हते; आणि ते म्हणताना आमच्याही आवाजात फारसे बळ नव्हते.

कायद्याकडून येथे मदत मिळत नाही. स्त्रीच्या खाजगी क्षणी तिचे चोरून चित्र घेणे २०१३ पासून आपल्याकडे स्वतंत्र गुन्हा आहे, आणि खाजगीपणा हा मूलभूत अधिकार आहे असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमुखाने सांगितले. पण तिकीट काढून हजार लोकांच्या देखत नावेत बसलेली बाई खाजगी जागी आहे असे कोण म्हणेल? कित्येक मोठ्या उद्यानांत तर पाळणा खाली झेपावतो त्या जागी कॅमेरा बसवलेलाच असतो. बाहेर पडताना आपलीच किंकाळी आपल्याला विकत मिळते. त्या यंत्रापेक्षा आमचे स्नेही पुष्कळ सभ्य. त्यांनी या छंदातून आजवर एक रुपयाही मिळवलेला नाही.

मग अडचण कोठे होती? अडचण अंतराची होती. ती बाई त्या नावेत हसली, कारण तिला ओळखणारे कोणी तेथे नव्हते. सासर नव्हते, भावकी नव्हती, विधवेने किती हसावे याचे माप हाती घेऊन बसलेले गाव नव्हते. दोन-तीनशे किलोमीटरचे अंतर तिने पैसे मोजून विकत घेतले होते. ते चित्र मुरुमच्या सभागृहात लावले असते तर ते अंतर एका खिळ्यावर टांगून नाहीसे झाले असते. चित्रात खोटे काही नव्हते हे मान्य. पण खरे आहे म्हणून ते आपले होत नाही. उलट जे जितके खरे, तितके ते ज्याचे त्याचे.

या ठिकाणी आम्हांला एक जुनी गोष्ट आठवते. मुरुमचा मुलूख निजामाच्या राज्यात होता त्या काळी हैद्राबादेत राजा दीनदयाळ हे फार मोठे छायाचित्रकार होऊन गेले. पडदानशीन स्त्रियांसाठी त्यांनी १८९२ साली तेथे एक स्वतंत्र स्टुडिओ उघडला आणि त्याची व्यवस्था एका इंग्रज बाईंकडे सोपवली. पडद्याच्या रूढीचे समर्थन आम्हांला मुळीच करावयाचे नाही. पण त्या स्त्रियांना स्वतःचे चित्र हवे होते, आणि ते परक्या पुरुषाच्या नजरेखालून जावयास नको होते, या दोन्ही गोष्टी एका वेळी खऱ्या असू शकतात, हे त्या छायाचित्रकाराला सव्वाशे वर्षांपूर्वी कळले होते. चित्र घेणे आणि चित्र दाखवणे ही दोन वेगळी कृत्ये आहेत.

आमच्या स्नेह्यांची खरी अडचण निराळी होती. “आधी विचारलं की हसू जातं,” ते म्हणाले. हे अगदी खरे आहे. विचारताच ती बाई पदर सावरील, ओठ मिटील आणि रेशनकार्डावरच्या फोटोसारखी ताठ उभी राहील. (लग्नाच्या मिस्सात वेदीच्या पायरीवर चढून वधूवरांना ‘इकडे बघा’ म्हणणारे छायाचित्रकार आपण पाहतोच, त्यांना कोणीतरी एकदा आवरावयास हवे, पण तो विषय वेगळा.) आधी विचारता येत नाही, हे आम्ही मान्य केले. पण नंतर? छत्तीस चित्रांचा रोळ असे आणि तो धुऊन येईपर्यंत आठ दिवस जात, तेव्हा नंतर विचारावयास माणूस सापडत नसे. आता कॅमेऱ्याच्या पाठीवर चित्र त्याच क्षणी उमटते. ती नावेतून उतरेपर्यंत थांबावयाचे आणि तिच्यापुढे ते धरावयाचे, एवढेच करावयाचे होते. ते त्यांनी केले नाही. का, असे आम्ही विचारले तेव्हा पुष्कळ वेळाने ते म्हणाले, “ती नको म्हणेल अशी भीती वाटली.” पकडले गेल्याचा आव त्यात नव्हता, उसने घेतलेल्या वस्तूविषयी बोलावे तसे ते बोलले.

पुढच्या रविवारी ते तिच्या गावी गेले. आम्ही बरोबर गेलो नाही. जावयास हवे होते. तिने ते चित्र हाती घेतले, खिडकीजवळ नेले, आणि सून बाहेर गेली आहे ना हे पाहून पुन्हा पाहिले. मग म्हणाली, “आमच्या हिकडं कुनाला दावू नगा. लांब कुटं दावायचं तर दावा.” दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला: “नगाच दावू कुटं.” प्रत मात्र तिने परत दिली नाही, ती तिच्या ट्रंकेत आहे.

स्पर्धेत त्यांनी दुसरे काहीतरी पाठवले. ते चित्र संगणकातून पुसावे की ठेवावे यावर त्यांचे मन अजून ठरलेले नाही, आणि आम्हीही त्यांना काही सांगितलेले नाही. ते अजून हैद्राबादला जातात. चित्र घेतले की पाळण्याच्या फाटकाशी जाऊन उभे राहतात आणि उतरणाऱ्याला दाखवतात. काही जण पुसावयास सांगतात. बरेच जण म्हणतात, मला पाठवा.

राहता राहिलो आम्ही. ते चित्र पाहणाऱ्यांत आम्ही होतो, आणि आम्हांला दाखवण्याची परवानगी तिने दिली नव्हती. शिवाय आता हा लेख! शब्दांनी का होईना, आम्ही तेच चित्र वाचकांपुढे टांगीत आहो. हा विचार मनात आल्यावर खूणगाठ पटेल असे तपशील आम्ही बदलले. तेवढ्याने समाधान होईना, तेव्हा लेखाचा मसुदा स्नेह्यांकडे पाठवला आणि तो तिला वाचून दाखवा अशी विनंती केली. तिने तो पूर्ण ऐकून घेतला. दाताचा उल्लेख राहू द्या म्हणाली. दुसरी एक गोष्ट काढावयास सांगितली. ती आम्ही काढली आहे.